गार चहाची तक्रार

"अगं, इकडे ये आधी!" हे ऑफिसातून ओरडले तेव्हा मी कारखान्याच्या दारात सँडलचे पट्टे पुरवणाऱ्या पट्टेवाल्याशी हुज्जत घालत होते. ह्यांना ओरडायची सवय नाही. आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे पट्टेवाल्याला तसाच सोडून मी आत पळाले.

ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकवलेली रिकामी खोकी. ह्यांचा चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, कुणी गेलं की काय. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. आमच्या कारखान्याचं नाव होतं आणि नावापुढे एक लाल ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा.

आता हा ठिपका काय ते सांगते. आम्ही सँडल बनवतो, बायकांच्या, साध्या, पट्ट्यांच्या. जवळजवळ सगळा माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. त्या कंपनीनं हल्ली नवीन टूम काढली होती. इंटरनेटवर एक टूल असतं म्हणे. कंपनी त्यात आपल्याला माल देणाऱ्या सगळ्या कारखान्यांची नावं घालते आणि ते टूल चहूकडून माहिती गोळा करतं. बातम्या, सरकारी आकडे, कुठे पोरांना कामाला जुंपतात, कुठे बाहेरून कुलपं लावून बायकांना राबवतात. शिवाय कामगारांच्या फोनवर प्रश्न पाठवतं. मग सगळं एकत्र घोटून नावापुढे ठिपका ठेवतं. हिरवा म्हणजे माणसं सुखात आहेत. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या. लाल म्हणजे इथे माणसांचे हाल होतात, इथला माल घ्यायचा का ते नीट ठरवा.

"हाल? आपल्याकडे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या टूलला म्हणावं, ये इकडे आणि बघ!"

आणि मी उगाच नव्हते बोलत. आमच्या पॅकिंगच्या कोपऱ्यात पाळणा टांगलेला आहे, कारण कुणाचं ना कुणाचं तान्हं असतंच. कुणी आजारी पडलं तर हे स्वतः स्कूटरवरून घरी सोडून येतात. बायका ह्यांना भाऊ म्हणतात, मला वहिनी म्हणतात, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे, आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे. आमची तर सख्खी नणंद बायकांच्या बरोबरीनं कामाला बसते, आणखी काय पाहिजे?

वन्संचं तेवढं सांगायला हवं. त्या ह्यांची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा दोन-अडीच वर्षांची मुलगी कडेवर घेऊन आमच्याकडे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या. "बसून खाणार नाही," एवढंच म्हणाल्या. तळ आणि पट्टे चिकटवायला जे द्रावण लागतं, त्याला आम्ही सोल्युशन म्हणतो. त्याचं टेबल मागच्या खोलीत असतं. वास असा उग्र की तिथे बसायला कुणी राजी नसायचं. रोज नवीन बाई बसवायची आणि रोज तिची मनधरणी करायची. वन्संनी ते टेबल घेतलं. मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला? तर म्हणाल्या, "कुणाच्या तरी लेकीला तिथे बसवायचंच आहे ना? मग घरच्या माणसानं बसलेलं बरं." मला केवढं कौतुक वाटलं त्यांचं! कौतुक केलं आणि मोकळी झाले. त्यांची मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि वन्सं अजून त्याच टेबलाशी.

असो. लाल ठिपका बघून हे तर हातपाय गाळून बसले. मीच कंपनीत फोन लावला. हे काम तिथे एक तरुण मुलगी बघायची. तिचं नाव मला कधी लक्षात राहिलं नाही. मी तिला ठिपकेवाली म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी.

"मॅडम, तुमच्याबद्दल वाईट काहीच आलेलं नाही," ठिपकेवाली म्हणाली.

"मग लाल कशापायी?"

"वाईट काहीच आलेलं नाही म्हणूनच." ती जरा चाचरली. "तुमच्याकडची सगळी उत्तरं एकाच कॉम्प्युटरवरून आली आहेत. एकामागून एक, आणि अगदी शब्द न् शब्द सारखी. कामाच्या ठिकाणी काय बदलावंसं वाटतं, या प्रश्नाला सगळ्यांनी लिहिलंय की काहीही नाही, आम्ही अत्यंत समाधानी आहोत. माणसं अशी नसतात हो, मॅडम. कुणाला उकडतं, कुणाला मुकादम आवडत नाही. टूलला वाटतं की कुणीतरी मागे उभं राहून लिहून घेतलंय."

मागे मीच उभी होते! पण ती काय म्हणते तशी नव्हे. प्रश्नांची लिंक प्रत्येकीच्या फोनवर आली होती, हे खरं. पण निम्म्या बायका फोन पोरांसाठी घरी ठेवून येतात. काहींच्या फोनच्या काचा अशा तडकलेल्या की अक्षर लागत नाही. आणि ते प्रश्न वाचून एकीला घामच फुटला, म्हणाली की पोलिसांकडून तर नाही ना आलं हे? मग मी पॅकिंगवरच्या मास्तरणीला बोलावलं. ती पूर्वी बालवाडीत शिकवायची, म्हणून मास्तरीण. तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, बसल्या बैठकीला सगळ्यांचं उरकून टाक. बायका डबे घेऊन भोवती जमल्या. मास्तरणीनं पहिल्या बाईला प्रश्न वाचून दाखवला. ती घास तसाच ठेवून म्हणाली, "भाऊंच्या विरुद्ध मी लिहू? जीभ झडेल माझी." मास्तरणीनं ते शुद्ध भाषेत उतरवलं. दुसरी म्हणाली, "माझंपण तेच घाल." तिसरीही तेच. पुढे पुढे तर प्रश्न वाचायचंही कारण उरलं नाही. नाव सांगायचं आणि पुन्हा डब्याला लागायचं.

वन्सं त्या घोळक्यात नव्हत्या. सोल्युशन एकदा लावलं की ते हाताला जरासं चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि नेमक्या वेळी तळ दाबायचा. आधी दाबला तर सुटतो, उशीर झाला तर धरतच नाही. त्यामुळे त्यांना मध्येच उठता यायचं नाही. "वन्संचंही तेच घाल," मीच मास्तरणीला सांगितलं.

हे सगळं मी ठिपकेवालीला सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा विश्वास आहे, मॅडम. पण ठिपका माझ्या विश्वासावर बदलत नाही. मी लिंक पुन्हा उघडते. प्रत्येकीनं आपापल्या फोनवरून, आपल्या मनानं उत्तरं द्यायची. या आठवड्यात झालं तर बरं. नाहीतर सीझनची ऑर्डर दुसरीकडे जाईल."

सीझनची ऑर्डर म्हणजेच आमचा कारखाना. ती गेली की मशीन थांबणार, आणि पाळणा टांगलेला तो कोपराही रिकामा. आणि ज्या बायकांनी आमच्यावरच्या मायेपोटी चांगलं चांगलं लिहिलं, त्यांच्याच पोटावर पाय यायचा. संताप आणि रडू दोन्ही एकदम आलं मला.

त्या संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात दूध करपलेलं. भांड्याचं बूड काळंकुट्ट, घरभर जळकट वास, आणि वन्सं शेजारीच उभ्या राहून शांतपणे भाजी चिरतायत. आधीच डोकं फिरलेलं होतं माझं.

"वन्सं, नाक कुठे गहाण टाकलंय का?" मी म्हटलं.

त्या दचकल्या. भांड्याकडे बघितलं, गॅस बंद केला. "लक्षच नव्हतं गं," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना एकत्र बसवलं. आपापले फोन घेऊन यायला आदल्या दिवशीच बजावलं होतं. खुर्चीवर उभी राहिले.

"हे बघा बायांनो, आज प्रत्येकीनं तक्रार करायची. तक्रार केल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही."

"कशाची तक्रार, वहिनी?"

"कशाचीही करा!"

सगळ्या चिडीचूप. एकमेकींकडे बघतायत. एरवी दिवसभर ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, त्यांची दातखीळ बसलेली. मी म्हटलं, "अगं बायांनो, तक्रार करा नाहीतर कारखाना बंद होईल!" आता हे वाक्य कुठल्या मालकिणीनं कामगारांना कधी म्हटलं असेल? पण मी म्हटलं.

शेवटी कोपऱ्यातून एक म्हणाली, "भाऊ रेडिओवर जुनीच गाणी लावतात."

"शाबास! लिही!"

"बाथरूमची कडी लागत नाही," दुसरी म्हणाली. "आत गेलं की गाणं म्हणत बसावं लागतं."

"लिही! आणि हे मला आजवर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चिडता."

खसखस पिकली. त्या हशाच्या आडून कुणीतरी म्हणालं, "वहिनी फार ओरडतात." एकदम शांतता. मी डोळे वटारून बघितलं, कोण बोललं ते काही कळेना. "लिहा!" मी ओरडले, आणि मग जो हसण्याचा कल्लोळ झाला त्यात मीही सामील झाले. बांध फुटल्यासारखं झालं. कुणाला खिडकीतून ऊन लागत होतं, कुणाचं स्टूल डुगडुगत होतं, कुणाला मास्तरणीचं शुद्धलेखन जाचत होतं. मी खुर्चीवरून प्रत्येक तक्रारीला टाळ्या वाजवत होते. खरं सांगते, मजा आली.

वन्सं सगळ्यांच्या शेवटी आल्या. चिंधीनं बोटं पुसत दारात उभ्या राहिल्या.

"माझं काय लिहू?" त्यांनी विचारलं.

सुट्टी संपत आली होती. मशीन सुरू करायची घाई होती. "तुम्ही आपलं लिहा, चहा गार मिळतो," मी म्हटलं.

त्यांनी चिंधी खाली ठेवली. "चहा तर गरम असतो की."

"अहो वन्सं, खरं कुठे लिहायचंय!"

"बरं," त्या म्हणाल्या. खाली बसल्या आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. त्यांच्या बोटाला सोल्युशनचा पापुद्रा होता, त्यामुळे फोनला अक्षर कळेना. मास्तरणीनं मदत केली. चहा गार मिळतो.

त्याच आठवड्यात भाची, म्हणजे वन्संची मुलगी, तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. घर नुसतं भरून गेलं. पोरगी अजून मुठी वळून झोपायची. वन्सं कारखान्यातून आल्या की हात चारचारदा धुवायच्या, साबणानं, मग लिंबानं, आणि नातीला उचलायच्या. उचललं की तिच्या टाळूला नाक लावून बसायच्या. किती वेळ! डोळे मिटून, श्वास ओढून ओढून. मानेच्या घडीत नाक, तळव्यावर नाक, पुन्हा टाळूवर.

"अहो, हुंगून हुंगून संपवाल पोरीला!" मी चिडवायचे. "आमच्यासाठी ठेवा थोडी." भाची हसायची. वन्संही हसायच्या, पण नाक काही उचलायच्या नाहीत. मला वाटायचं, आजीपण चढलंय बाईंना.

आठवडा संपता संपता ठिपका हिरवा झाला. हे पडद्यासमोर बसून होते, तिथूनच त्यांनी हात वर केले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठिपकेवालीचा फोन आला, की उत्तरं छान आली आहेत, मॅडम, अगदी खरी वाटतात. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी केक मागवला. बाथरूमला नवी कडीही बसवली, बरं का, त्याच दिवशी. मी केकचे दोन मोठे तुकडे डब्यात घातले आणि दुपारीच घरी निघाले. भाचीला डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून वन्सं त्या दिवशी लवकर घरी गेल्या होत्या, नातीला सांभाळायला.

जिना चढतानाच नाकाला झोंबलं. दारापाशी आले तेव्हा कळलं की वास आमच्याच घरातून येतोय. गॅसचा.

मी दार ढकललं. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली होती, नॉब तसाच चालू. वन्सं बाळाला खांद्यावर घेऊन शेगडीसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हातात लायटर होता. विझली वाटतं, असं काहीतरी बाळाशी बोलत त्यांनी तो पुढे केला.

मी कशी झेपावले ते मला आठवत नाही. त्यांच्या हातावर फटका मारला, लायटर उडून भिंतीपाशी पडला. नॉब बंद केला, खिडक्या धडाधड उघडल्या, आणि त्यांना दंडाला धरून ओढत बाहेर जिन्यात आणलं. केकचा डबा पायाखाली येऊन चेपला. बाळ किंचाळायला लागलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नसेन एवढ्यानं. "सबंध घर गॅसनं भरलंय! वास नाही आला?"

वन्सं जिन्याच्या पायरीवर बसल्या. बाळाला थोपटत राहिल्या.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

"काय नाही येत?"

"वास. कसलाच येत नाही मला. मागच्या थंडीत सर्दी झाली होती बघ, तेव्हा वाटलं सर्दीनं असेल. सर्दी गेली, वास काही आला नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"आधी डोकं दुखायचं," त्या सांगत होत्या. "सोल्युशनच्या टेबलाशी बसलं की ठणकायचं. मग वास यायचा कमी झाला तेव्हा बरंच वाटलं मला. म्हटलं, सवय झाली." त्यांनी बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. "हिला हुंगते ना मी सारखी, तू हसतेस. येतो का बघते गं. एकदा तरी यावा. आपल्या नातीचा वास कसा आहे तेच मला माहीत नाही."

मला रडू फुटलं. तिथे जिन्यातच भिंतीला टेकून रडले मी. आणि माझं हे असंच, रडताना राग येतो मला.

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं. "सगळ्यांकडून एकेक तक्रार ओढून काढत होते मी! तुम्ही विचारलंत तेव्हा..."

"मी विचारलं, काय लिहू," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तोच तर त्रास झाला मला. "तू सांगितलंस, चहा गार मिळतो. मी लिहिलं."

मी पायाशी चेपलेला केकचा डबा उचलला.

"आणि घरच्या माणसानंच गाऱ्हाणं केलं, तर बाहेरच्यांना काय वाटेल? तुझाच शब्द आहे ना, घरच्यासारखं. मग घरच्यांनी सांभाळून घ्यायला नको?"

संध्याकाळी हे आले ते शीळ घालतच. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी उद्या त्या मुलीला फोन करून खरं काय ते सांगणार आहे. ह्यांची शीळ बंद झाली.

"आत्ताच हिरवा झालाय गं," हे हळू आवाजात म्हणाले. "सीझन जाऊ दे. मग बघू. आपण पंखा बसवू, हवं तर ताईला दुसरं काम देऊ, पण कंपनीला कशाला..." बोलता बोलता त्यांनी बहिणीकडे बघितलं. वन्सं चेपलेल्या डब्यातला केक चमच्यानं खात होत्या. चव लागत असेल का त्यांना, हे तेव्हा माझ्या मनात आलं, आणि ह्यांच्याही आलं असावं, कारण ते एकदम खाली बसले. "ताई, अगं मला तरी बोलायचंस," म्हणाले.

"नका सांगू कुणाला," वन्सं म्हणाल्या. "बायकांची पोटं आहेत त्याच्यावर. माझं एक नाक काय, आता गेलं ते गेलं."

पण मी फोन केला. सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर केला. ठिपकेवालीला गार चहापासून लायटरपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही धूळ येते म्हणून आम्ही बंद ठेवतो, तेसुद्धा सांगितलं. मला वाटलं, संपलं.

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली.

"थँक यू कसलं? लाल करा आता आम्हाला."

"लाल कशाला? पिवळा होईल." ती टाइप करत होती, बटणांचा आवाज येत होता. "हवा बाहेर ओढणारा पंखा लागेल. सोल्युशनच्या डब्यांना झाकणं. मास्क. एकाच बाईनं कायम बसायचं नाही, पाळ्या लावा. आणि त्यांची डॉक्टरांकडून तपासणी. हे केलंत की फोटो पाठवा."

"आणि ऑर्डर?"

"ऑर्डर कुठे जाईल, मॅडम? आमचा निम्मा माल पिवळ्यांकडूनच येतो. अडचण नसलेला कारखाना कुठे असतो? लपवलं जातंय असं वाटलं तरच आम्ही लांब होतो." मग तिनं विचारलं, "पहिल्या खेपेलाच त्यांनी का नाही सांगितलं? तेव्हाही हा प्रश्न होता. कामामुळे शरीराला काही त्रास होतो का, असा."

त्यांना तो प्रश्न कुणी वाचूनच दाखवला नव्हता. त्या आतल्या खोलीत तळ दाबत होत्या आणि मी बाहेरून म्हटलं होतं, त्यांचंही तेच घाल.

पंखा दुसऱ्या दिवशी बसला. वायरमननं मागच्या भिंतीला गोल भोक पाडलं, पंखा अडकवला, वायर ओढली आणि चहाच्या वेळेपर्यंत सामान आवरून गेलाही. मी त्या पंख्याखाली उभी राहिले. बटण दाबलं, तर खोलीतला उग्र वास बघता बघता पातळ होत गेला. एवढंच होतं ते. एक पत्र्याचा गोल पंखा. एवढ्यासाठी आम्ही काय काय केलं होतं, खुर्चीवर चढून टाळ्या वाजवल्या होत्या. मला त्या पंख्याचाच राग आला. लाथ मारावीशी वाटली.

डॉक्टरांनी वन्संच्या नाकाखाली छोट्या छोट्या बाटल्या धरल्या. प्रत्येक बाटलीला वन्सं मान हलवायच्या, नाही, आणि परीक्षेत नापास होणाऱ्या मुलीसारख्या माझ्याकडे बघायच्या. डॉक्टर म्हणाले, फार दिवस अंगावर काढलंत. लवकर आला असतात तर काही करता आलं असतं. आता थोडाफार परत येईलही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बाहेर आल्यावर वन्संच माझी समजूत घालत होत्या. "डोळे असते तर गोष्ट वेगळी," म्हणाल्या. "नाकावाचून काय अडतं?"

आता त्या पॅकिंगला बसतात, पाळण्याशेजारी. सोल्युशनच्या टेबलाला पाळ्या लागतात. मी दर आठवड्याला प्रत्येकीशी बसून बोलते, म्हणजे बोलायचा प्रयत्न करते. माझा आवाज चढला की त्या गप्प होतात, हे मला उशिरा कळलं. आमचा ठिपका अजून पिवळा आहे.

भाची परत जायला निघाली त्या दिवशीची गोष्ट. बाळाला नुकतीच आंघोळ घातली होती. वन्सं दारापाशी तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दूध तापत ठेवून बाहेर आले तर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"वहिनी, जरा हुंग गं हिला. आणि सांग मला."

"काय सांगू?"

"कसा येतो ते."

मी वाकले. बाळाच्या टाळूला नाक लावलं. "दुधाचा येतोय," मी म्हटलं.

"ते माहितेय. अजून?"

"साबणाचा."

"आणि त्याच्याखाली?"

मी पुन्हा नाक लावलं. त्याच्याखाली होता ना, ऊबदार, गोडसर, जगात दुसऱ्या कशाचा नसतो तसा. पण तो सांगायचा कसा? माझ्या तोंडी लागायची एरवी कुणाची टाप नाही, आणि आता एक शब्द सापडेना. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुमच्या लेकीसारखाच येतो, वन्सं," मी म्हटलं.

"तस्साच?"

"तस्साच."

भाची तान्ही होती तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. वन्संना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि नातीच्या टाळूवर नाक टेकवून बसल्या, कितीतरी वेळ. या खेपेला मी हसले नाही. आत दुधाचा वास यायला लागला होता, तो मला आला, आणि मी जाऊन गॅस बंद केला.